न शिवलेला पिंड

आपल्याकडे माणूस गेल्यानंतर दहाव्या दिवशी पिंड मांडतात, आणि कावळा त्यास शिवेपर्यंत आप्तमंडळी दूर उभी राहून वाट पाहतात. कावळा लवकर शिवला तर मृताची काही इच्छा राहिली नाही असे समजावयाचे. न शिवला तर काहीतरी मागे राहिले आहे असे धरून, ते काय असावे याचा तर्क करीत एकेकाने पुढे होऊन वचन द्यावयाचे. या विधीत तथ्य किती आणि भाबडेपणा किती, हा वाद येथे मला काढावयाचा नाही. सुधारकांनी तो फार पूर्वीच पुरेसा घातलेला आहे, आणि कावळ्यांवर त्याचा काही परिणाम झालेला दिसत नाही. मला या विधीतली एकच गोष्ट विचार करण्यासारखी वाटते. ज्या माणसाला जन्मभर ‘तुला काय हवे’ असे कोणी विचारले नाही, त्यालाही हा प्रश्न एकदा विचारावा लागतो. उशिरा का होईना, तो चारचौघांत आणि मोठ्याने विचारावा लागतो. आणि उत्तर आल्यावाचून घरी परतता येत नाही.

गेल्या वर्षी सरावलीस आमच्या आजीच्या दहाव्याला आम्ही असे दीड तास उभे होतो. कावळे नव्हते असे नाही. पलीकडच्या कारखान्याच्या पत्र्यावर सातआठ बसले होते. त्यांतला एक दोनदा खाली उतरला, पिंडाभोवती फिरला आणि पुन्हा जाऊन बसला. प्रथम वडील पुढे झाले आणि म्हणाले, “धाकट्याला अंतर देणार नाही.” मग काकांनी नातीचे लग्न थाटाने करून देण्याचे वचन दिले. आत्येने, माहेरचे येणेजाणे तुटू देणार नाही, असे सांगितले. काकूने देवाजवळचा दिवा चुकणार नाही म्हणून हात जोडले. मीही पुढे झालो, आणि दर महिन्यास घरी येत जाईन असे म्हणालो. कावळा हलला नाही. ऊन चढले, भटजींना पुढे दुसरीकडे जावयाचे होते. शेवटी त्यांनी दर्भाचा कावळा करून तो पिंडास लावला. शास्त्रात त्याची सोय आहे, त्यामुळे कोणाच्या मनास फारसे लागले नाही. परत येताना मात्र माझ्या लक्षात आले की, आम्ही पाचजणांनी पाच वचने दिली आणि पाचही आमच्याविषयी होती.

आजीचे चरित्र असे काही सांगण्याजोगे नाही. म्हणजे ज्यास चरित्र म्हणतात तसे नाही. ती लग्न होऊन सरावलीस आली तेव्हा तारापूरचे अणुवीजकेंद्र झालेले नव्हते. ते १९६९ साली सुरू झाले, त्याच्या मागून औद्योगिक वसाहत वाढत आली, आणि ज्या शेतांत तिने गुडघाभर चिखलात उभे राहून भाताची लावणी केली होती त्यांतली काही शेते तिच्या डोळ्यांदेखत रसायनांच्या कारखान्यांखाली गेली. ठाणे जिल्ह्याची सून म्हणून ती आली आणि पालघर जिल्ह्यात वारली. मधल्या काळात, २०१४ साली, जिल्हाच बदलला. तिचा दिनक्रम तेवढा बदलला नाही. पूर्वी ती पहाटे चारला दळणकांडणासाठी उठे, पुढे मुलांची पहिली पाळी असे म्हणून चारलाच उठून तांदळाच्या भाकऱ्या थापून डबे भरी, आणि त्याच्याही पुढे मुंबईस नोकरीला जाणाऱ्या नातवाची गाडी पहाटेची होती म्हणून उठे. तो नातू मीच. बोईसरहून मुंबईस रोज जाणेयेणे करणाऱ्या शेकडो माणसांच्या डब्यांमागे अशी एकेक बाई असते, हे वेळापत्रकात कोठेही छापलेले नसते.

दहाव्याच्या संध्याकाळी घरात एक क्षुल्लक वाद झाला. तेराव्याला गोड काय करावे, आजीला काय आवडे, असे कोणी विचारले. उत्तर येईना. मग कोणी म्हणाले, तिला गोड आवडतच नसे, ती चहाही बिनसाखरेचा घेई. दुसरा म्हणाला, छे, साखरेचाच घेई. सख्खी मुले आणि नातवंडे एका बाईच्या चहाविषयी पाऊण तास बोलत होती. अखेर उलगडा झाला तो असा की, सर्वांना देऊन भांड्यात जो चहा उरे तो ती घेई. साखरेचा उरला तर साखरेचा. मधुमेही आजोबांचा उरला तर बिनसाखरेचा. तिला कोणता आवडे हे कोणासच ठाऊक नव्हते. आम्ही निर्दय माणसे नव्हतो, हे मी वाचकांस सांगू इच्छितो. तिच्या आजारात आळीपाळीने आम्ही रात्री जागलो, औषधांस काही कमी केले नाही, आणि ती गेली तेव्हा खरोखर रडलो. तरीही आम्हांस हे ठाऊक नव्हते.

आई अथवा आजी गेल्यानंतर तिच्याविषयी जे बोलले जाते आणि लिहिले जाते, ते नीट पाहावे. ‘आमच्यासाठी झिजली’, ‘स्वतःसाठी कधी काही मागितले नाही’, ‘आम्हांस घडविले’. यात खोटे काही नाही. परंतु प्रत्येक वाक्यात ‘आम्ही’ आहोत. आपण आपले बालपण आठवीत असतो आणि त्यास आईचे नाव देतो. तिचा हात आठवतो तो आपल्या कपाळावरचा, आणि तिचा आवाज आठवतो तो आपल्याला हाक मारणारा. आपण जन्मण्यापूर्वीची वीस वर्षे आणि आपण घराबाहेर असतानाचे रोजचे दहा तास ती कोण होती, हा प्रश्न आपल्या स्मरणात उद्भवतच नाही.

शास्त्रकारांनी मातेस कमी लेखले असे म्हणता येणार नाही. मनूने तर गौरवाच्या बाबतीत माता ही हजार पित्यांहून अधिक असे म्हणून ठेवले आहे. गुजराथेतल्या सिद्धपुरास मातृगया म्हणतात. तेथे श्राद्ध करावयाचे ते आईचे. आणि गयेस ‘मातृषोडशी’ म्हणून सोळा पिंड केवळ आईसाठी देण्याचा विधी आहे, तो तर फारच हृदयंगम आहे. गर्भाचा भार वाहिला त्याबद्दल एक, प्रसूतीच्या वेदनांबद्दल एक, कडू औषधे प्यालीस त्याबद्दल एक, मुलाने ओल्या केलेल्या अंथरुणात रात्री काढल्यास त्याबद्दल एक, अशा क्रमाने पुत्र एकेका कष्टाचे नाव घेऊन एकेक पिंड ठेवतो. पुरुषांनी पुरुषांसाठी रचलेल्या धर्मविधीत बाळाच्या ओल्या दुपट्यांची आठवण ठेवलेली पाहून मला त्या अज्ञात रचनाकाराविषयी आदर वाटतो. पण सोळाही पिंड मोजून पाहा. ते सर्व तिने पुत्रासाठी सोसलेल्या कष्टांचे आहेत. सतरावा पिंड नाही. ती एके काळी कोणाची खेळगडी होती, तिला कशाचे हसू येई, कशाची चीड होती, यासाठी दर्भाची एक काडीही ठेवलेली नाही.

हा दोष केवळ आपला आहे असे मानण्याचे कारण नाही. अमेरिकेत अ‍ॅन रीव्ह्ज जार्व्हिस नावाची एक बाई होऊन गेली. तिची बरीच मुले बालपणीच दगावली होती. तिने खेडोपाडी आयांची मंडळे काढून स्वच्छता आणि रोगनिवारण यांचे काम चालविले, आणि तेथील यादवी युद्धात दोन्ही पक्षांच्या जखमी शिपायांची शुश्रूषा करविली. अशा आयांच्या सार्वजनिक सेवेचे स्मरण व्हावे अशी तिची इच्छा होती. ती वारल्यावर तिची मुलगी अ‍ॅना हिने खटपट करून १९०८ साली मातृदिन सुरू केला, आणि १९१४ साली अध्यक्ष विल्सन यांनी त्यास सरकारी मान्यता दिली. पण मुलीने मांडलेला दिवस निराळाच होता. प्रत्येकाने आपापल्या घरी आपापल्या आईस आठवावे, असा तो होता. अनेक आयांनी मिळून समाजासाठी केलेले काम बाजूस राहिले आणि पांढरे फूल उरले. पुढे फुलवाल्यांनी आणि शुभेच्छापत्रे छापणाऱ्यांनी त्याचा बाजार मांडला, तेव्हा अ‍ॅनाने त्यांच्याविरुद्ध उरलेले आयुष्य भांडण्यात घालविले, आणि १९४८ साली ती एका शुश्रूषागृहात वारली. बाजाराने आईची इच्छा बिघडविली असे तिला वाटे. ती इच्छा बाजाराच्या हाती पडण्यापूर्वीच मुलीच्या प्रेमाने बदलून टाकली होती, हे तिच्या लक्षात आले होते की नाही, कोण जाणे.

मराठी माणसास या संदर्भात पहिल्याने साने गुरुजींचे स्मरण होणार. ‘श्यामची आई’ त्यांनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहिली, आणि १९३५ साली ती प्रसिद्ध झाली. त्यांची आई १९१७ सालीच गेलेली होती. या पुस्तकावर अश्रू फार सांडले गेले, आणि अत्र्यांच्या १९५३ च्या चित्रपटानंतर तर अधिकच. त्यास राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले हे सर्वांस ठाऊक आहे. माझे मत असे की, अश्रूंच्या भरात आपण ते पुस्तक अर्धेच वाचले. त्यातली आई नुसती सोसणारी नाही. पोहावयास जावे लागू नये म्हणून लपून बसलेल्या श्यामला ती शोधून काढते, झोडपते आणि विहिरीकडे धाडते. तिला राग येतो, दारिद्र्यातला अपमान तिला झोंबतो, तिचा मानीपणा सावकाराच्या माणसापुढेही लवत नाही. मुलाने लिहिलेली असूनही ती मुलाहून वेगळी उभी राहते. आपण वाचकांनीच तिला पुन्हा मूर्ती करून ठेविले.

मातेच्या इच्छेस याहूनही जवळ गेलेले उदाहरण विनोबांचे आहे. त्यांच्या मातुःश्री रुक्मिणीबाई यांनी देवास एक लाख तांदळाचे दाणे वाहण्याचा नेम केला होता, आणि त्या एकेक दाणा मोजीत असत. वडील व्यवहारी. तोळाभर तांदूळ मोजून, त्या मानाने वजन करून घ्यावे म्हणजे झाले, असे त्यांनी सुचविले. रुक्मिणीबाईंना काय उत्तर द्यावे ते सुचेना. त्यांनी मुलास विचारले, आणि मोजण्यात नामस्मरण आहे, ते वजनात नाही, असे मुलाने सांगितले. गोष्ट लहान आहे. पण घरातल्या एका माणसाने, आई जे करीत होती ते तिचे स्वतःचे म्हणून ओळखले. याच मातुःश्रींना गीता समजून घ्यावयाची होती. संस्कृत येत नव्हते, आणि मुलाने आणून दिलेले मराठी भाषांतर कठीण वाटले. मग तूच का करीत नाहीस, असे त्या म्हणाल्या. त्या १९१८ साली गेल्या. आईचे अंत्यविधी आपण स्वतः करू, भटजींकडून नकोत, असा विनोबांचा आग्रह वडिलांनी मानला नाही, तेव्हा ते स्मशानात गेले नाहीत. त्या दिवशी त्यांनी घरी वेदाध्ययनास आरंभ केला. लोकांनी त्यांस काय म्हटले असेल याची कल्पना करता येते. नंतर बारा वर्षांनी, १९३० साली, त्यांनी ‘गीताई’ लिहावयास घेतली आणि १९३२ साली ती छापली गेली. ज्या मुलाने पिंड ठेवला नाही, त्यास आईला काय हवे होते हे अचूक माहीत होते. आणि ते माहीत असण्याचे कारण, माझ्या समजुतीप्रमाणे, त्याचे थोरपण नव्हे. रुक्मिणीबाईंनी ते बोलून दाखविले होते आणि त्याने ते ऐकले होते, एवढेच.

बोलून दाखविण्याची सवय आपल्या बायकांस कितपत होती? रमाबाई रानड्यांनी १९१० साली आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या, त्यांच्या नावात ‘आमच्या आयुष्यातील’ असा शब्द आहे; ‘माझ्या’ नाही. लक्ष्मीबाई टिळकांची हकीकत अधिक मौजेची आहे. रेव्हरंड टिळकांचे चरित्र लिहिण्यासाठी मुलाने त्यांच्याकडे आठवणी मागितल्या. बाई लिहू लागल्या, आणि टिळकांच्या चरित्राची टिपणे व्हावयाची ती ‘स्मृतिचित्रे’ झाली. १९३४ साली त्यांचा पहिला भाग आला. मागितले होते नवऱ्याचे आणि दिले स्वतःचे, आणि मराठी गद्याला त्या गैरसमजाचा केवढा लाभ झाला! त्यांच्या मुलाने ते तसे छापू दिले, ही त्या घराची पुण्याई.

माझे हे म्हणणे मी एका वृद्ध शिक्षकमित्रास ऐकविले तेव्हा ते रागावले. ते म्हणाले, “अहो, तिचे सुख तुमच्यातच होते. तुम्हांला वगळून वेगळी ‘ती’ शोधायची, हा आजकालचा शहाणपणा. तुम्ही तिचा त्यागही तिच्यापासून काढून घेता.” या आक्षेपातला अर्धा भाग मला मान्य आहे. नातवंडे जेवत असता आजी दाराशी बसून काहीतरी गुणगुणत असे. ते सुख तिचेच होते, ते आम्ही तिच्यावर लादलेले नव्हते. धाकट्याला अंतर देऊ नये, हीही तिची खरीच इच्छा असेल. तेव्हा आमची वचने खोटी होती असे नव्हे. परंतु तिच्या इच्छांपैकी ज्यांचा लाभ आम्हांस होता, तेवढ्याच आम्हांस ठाऊक होत्या. आणि ज्यास आपण त्याग म्हणतो तो त्याग ठरावयाचा तर, तो न करण्याचीही शक्ती त्या माणसात होती हे आधी मानावे लागते. झाड सावली देते त्यास कोणी त्याग म्हणत नाही. आपण आईस वटवृक्षाची उपमा देतो तेव्हा तिचा गौरव करीत असतो की तिची इच्छाशक्तीच नाकारीत असतो, हे मित्राने मला सांगावे.

आमच्या घरात एक गोष्ट नेहमी सांगितली जाते: आजीने जमीन विकून काकांना शिकविले. तेराव्यालाही ती दोघातिघांनी सांगितली. तिचा पूर्वार्ध कोणी सांगत नाही. घरामागे आंब्याखाली एक तुकडा होता, तो आजीच्या नावावर होता. वसाहत वाढू लागल्यावर त्यास चांगले गिऱ्हाईक आले. आजीने सही करण्यास नकार दिला. कारण विचारले तर म्हणे, “नाही द्यायचा.” आजोबा बोलले, भाऊबंद बोलले, दोन वर्षे ती कोणाचे ऐकेना. पुढे काकांच्या शिक्षणासाठी पैसा लागला, तेव्हा तिने न सांगता उठून सही केली. ती दोन वर्षे आमच्या घरी ‘म्हातारीचा हट्ट’ या नावाने ओळखली जातात, वास्तविक तेव्हा ती चाळिशीचीही नसेल. ज्या एका प्रसंगी तिने स्वतःसाठी काही हवे म्हटले, तो आम्ही तिच्या स्तुतीतून गाळून टाकला. पण त्या दोन वर्षांवाचून त्या सहीची किंमत ती काय?

अशा स्तुतीचा आणखी एक परिणाम आहे, आणि तो जिवंत माणसांवर होतो. तेराव्याच्या पंगतीत एक वयस्क नातेवाईक गहिवरून म्हणाले, “कधी काही मागितलं नाही हो माउलीने. आता अशा बायका होणे नाही.” काकू वाढीत होती. तिचा हात थांबला नाही, पण मी तिच्याकडे पाहिले आणि मला जाणवले की हे वाक्य मृताविषयी नव्हते. ते पुढच्या बाईस दिलेली ताकीद होती. आम्ही पुरुष आजीचे गुण गातो तेव्हा सुनांस ती एक मोजपट्टी होते, आणि बोलणाऱ्याच्या डोळ्यांत खरे पाणी असल्यामुळे तिला उत्तरही देता येत नाही. रात्री भांडी आवरताना काकू मला म्हणाली, “भाऊ, तू लिहिणारा ना? मग लिहून ठेव. मला चहात साखर लागते. दीड चमचा. नंतर भांडत बसू नका.” ती हसली, मीही हसलो. पण मी ते खरोखर लिहून ठेवले आहे.

आजीची धाकटी बहीण चिंचणीस असते. तिला आम्ही मावशीआजी म्हणतो. दहाव्याला ती आली होती, पण बायकांत मागे बसली होती आणि तिला कोणी पुढे बोलाविले नाही; वचन देण्यास ती घरची नव्हती. महिन्याभराने मी मुद्दाम तिच्याकडे गेलो आणि विचारले, “मावशीआजी, आजीला काय हवं होतं गं?” तिला प्रश्न कळेना. मी पिंडाची गोष्ट काढली. ती बराच वेळ समुद्राकडे पाहत बसली. मग म्हणाली, “तिला एकदा एकटीने गाडीत बसायचं होतं. लहानपणापासून म्हणायची. बोईसरला जायचं, तिकीट काढायचं आणि बसायचं.”

“कुठे जायला?”

“ते नव्हतं ठरवलेलं. नुसतं बसायचं होतं. बरोबर कुणी नको. लग्नानंतर एकदा म्हणाली होती, मुलं मोठी झाली की जाईन. मग नाही बोलली.”

पंधरा वर्षे मी पहाटेची गाडी गाठीत होतो. माझा डबा हातात देऊन ती दारात उभी राही, आणि गाडीची शिटी ऐकू येईपर्यंत आत जात नसे, असे आई सांगे. ते माझ्यावरच्या मायेमुळे, असे आम्ही समजत आलो. तसे असेलही. तसेच असेल, एवढे मात्र मला आता म्हणवत नाही.

परवा थोरल्या भावाचा फोन आला. वर्षश्राद्धाला तीन आठवडे राहिले आहेत. आजीच्या आवडीचे काय करायचे ते कळव, म्हणजे सामान आणता येईल, असे तो म्हणाला. मी थोडा विचार केला आणि वालाचे बिरडे करावे, असे सांगितले.

“ते तुला आवडतं,” तो म्हणाला.